सोललेला तरवड

मु. रेतवाडी, ता. कळमनुरी
४ मार्च १९७३

आक्का, जयभीम.

रुक्मा सूनबाई, हे पत्र तूच तुझ्या सासूला वाचून दाखवणार. एक ओळ गाळू नकोस आणि तुझ्या मनची एक घालू नकोस.

सतरा महिन्यांनी लिहितो आहे. खुशाली विचारण्याचा हक्क मला उरला आहे की नाही ते ठाऊक नाही, म्हणून सरळ कामाचं लिहितो.

ओढ्याच्या वाळूत आपण खणलेल्या बुडकीचा आतला कूड सुटला आहे. तू असताना दर उन्हाळ्याच्या तोंडाला बायकांना घेऊन आत उतरायचीस आणि काड्यांची ती टोपली विणून चारी बाजूंची वाळू अडवायचीस. तू गेल्यावर ते कोणी केलं नाही. जुन्या कुडावर एक उन्हाळा निभावला. यंदा पाऊसच नाही, पाणी खाली गेलं, पाण्यामागं आम्ही खाली गेलो, आणि आता जितकी वाळू उपसावी तितकी बाजूंनी आत येते. काल सकाळी उपसलेली दुपारी पुन्हा तिथंच होती.

विणायला सुरुवात वरून करायची की खालून, आणि काडी कशाची घ्यायची, एवढं कळव. भिवाजी उतरायला तयार आहे. तुराट्या भरपूर आहेत, त्या चालतील असं त्याला वाटतं.

बाकी ठीक. चळवळ जोरात आहे. परवा हट्टा गावच्या सभेत दोन तास बोललो, एक माणूस उठला नाही. घरातून मिराबाईचा तुला जयभीम.

तरवडाचा विषय मी इथं काढत नाही. तो तत्त्वाचा प्रश्न होता आणि आहे.

तुझा भाऊ
सोनाजी


१९ मार्च १९७३

आक्का,

उत्तर नाही. पूर्णा काही विलायत नव्हे. तुझ्या कोंडीबाच्या रेल्वे क्वार्टरला टपाल तिसऱ्या दिवशी पोचतं हे मला माहीत आहे.

मागच्या पत्रात भिवाजी उतरायला तयार आहे असं लिहिलं होतं. तो त्याआधीच एकदा उतरला होता, आणि कमरेपर्यंत वाळूत गाडला गेला होता. आठ माणसांनी दोर ओढून त्याला बाहेर काढला. हे मी लिहिलं नाही. का, ते तुला कळेल. तुझा भाऊ पत्रातसुद्धा सभेत बोलल्यासारखा बोलतो, आपली पडती बाजू दाखवत नाही.

नंतर आम्ही तुराट्यांचा कूड विणला. वरून खाली विणत गेलो. बारा हातांपैकी चार हात झाला आणि काडकाड मोडून आत पडला. काठावर अनुसयाबाई उभी होती. म्हणाली, "सोनाजीदादा, तुमी आत तोंड करून जरा भाषण द्या. वाळू उठून जाईल." सगळे हसले. मीही हसलो. आक्का, मला हसू आलं नव्हतं.

आता काय पणाला लागलं आहे ते लिहितो. तुला सांगायची गरज नाही, पण रुक्मा परगावची, तिला कळू दे.

एकोणीस घरांचं पाणी त्या बुडकीवर आहे. ती गेली तर राहते गावची विहीर. सरकारी टँकर आठवड्यातून दोनदा येतो आणि गावच्या विहिरीतच रिकामा होतो. विहीर देवळाच्या ओट्याला लागून आहे. गुरवांचा विश्वंभर, जो कळमनुरीला कचेरीत कारकून आहे, तो रविवारी मला मुद्दाम वाटेत भेटला. फार गोड बोलतो तो माणूस. "सोनाजीराव, तहानेला कसली जात? तुमच्या बायकांना खुशाल पाठवा. पोहरा आमचा माणूस ओढील, त्यांनी खाली घागर धरायची. त्यांनाच तकलीफ कमी."

खाली घागर धरायची! सूनबाई, आमची माय त्या ओट्याखाली दिवस दिवस बसायची. कुणाला दया आली तर वरून धार सोडायचे. निम्मं पाणी अंगावर, निम्मं घागरीत. आक्का तेव्हा दहा वर्षांची, मी चारचा. सत्तावन्न साली, शपथ घेतल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, आम्ही ती बुडकी खणली. बावीस दिवस लागले. पहिलं ओलं मातेरं तुझ्या सासूच्या टोपलीत वर आलं. त्या दिवसापासून आपल्यातल्या एकाही बाईनं ओट्याखाली घागर धरली नाही.

तू म्हणशील, कायदा आहे, लढ की. कायदा माझ्या खिशात आहे, पाठ आहे. फौजदाराला आणीन, दोन दिवस विहिरीवर उभा करीन, दोन दिवस आपण आपल्या हातानं पाणी काढू. तिसऱ्या दिवशी फौजदार जाईल आणि चौथ्या दिवशी आपल्याला गावात कुणी कामाला बोलावणार नाही. दुष्काळी कामावरचा मुकादमही त्यांचाच. मी लढायला भीत नाही. पण पावसाला अडीच महिने आहेत आणि लेकरांना पाणी आज लागतं.

आक्का, काडी कशाची, तेवढं सांग.

सोनाजी


८ एप्रिल १९७३

आक्का,

कार्ड मिळालं. अक्षर रुक्माचं, बोल तुझे. तीनच ओळी. "सोललेली काडी लागते. सोलणाऱ्या हातांना काय म्हणालास ते आधी लिही. मग पुढचं सांगते."

कार्ड वाचून मी घरातून उठलो आणि ओढ्याच्या वरच्या बरड माळापर्यंत चालत गेलो. इतका राग मला पाटलाचा कधी आला नाही. एकोणीस घरं तहानलेली आणि तू मला परीक्षेला बसवतेस?

मग ऐक. मी चुकलो असं मला वाटत नाही. छप्पन साली आपण काय शपथ घेतली? मेलेलं ढोर ओढणार नाही, त्याचं मांस खाणार नाही, त्याचं कातडं सोडवणार नाही. त्यासाठी किती गावांत आपल्या माणसांनी मार खाल्ला, किती ठिकाणी चुली विझल्या! आणि त्यानंतर पंधरा वर्षांनी आपल्याच बायका तरवडाची साल सोलून भारे बांधतात, शहरातून दलाल येतो, ती साल कातडी कमावायच्या हौदात जाते. ज्याची साल हौदात, त्याचा हातही हौदात. हे माझं म्हणणं होतं. मी थोडंफार वाचलं आहे. जगात जिथं जिथं गुलाम सुटले, तिथं तिथं मालकानं साखळीची एक कडी त्यांच्या पायात राहू दिली आणि तिला पोटापाण्याचा धंदा असं नाव दिलं. ती कडी तोडायची तर निर्दयपणे तोडावी लागते.

म्हणून मी तरवड मुळासकट काढायला लावला. चाळीस कुदळी होत्या. अशोक विजयादशमीचा दुसरा दिवस, झुडूप न् झुडूप फुलात, अख्खा बरड पिवळा. कमरेएवढी ती झुडपं, पण मुळं पुरुषभर खोल गेलेली. जनावर त्याला तोंड लावत नाही, दुष्काळात ते वाळत नाही, वाळूत उगवतं आणि वाळूलाच धरून बसतं. दोन दिवसांत आम्ही बरड बोडका केला. मला वाटलं, आपण डोंगर हलवला.

आता त्याच बरडावर उभा होतो. वारा सुटला की तिथली वाळू उठते आणि उतारानं थेट बुडकीच्या तोंडाकडं निघते. धरून ठेवायला तिथं काही उरलेलं नाही. आणि सोललेल्या काड्यांचं तू काय करायचीस हे मी पंधरा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. साल दलालाला जायची एवढंच मला दिसलं. काडी आपल्याच विहिरीत जात होती. बायकांचं काम म्हणून मी कधी आत वाकून पाहिलं नाही. आणि बाहेर त्याच विहिरीच्या काठावर उभं राहून मी स्वाभिमानावर किती भाषणं दिली, मोजता येणार नाहीत.

तू विचारलंस म्हणून लिहितो. त्या विजयादशमीच्या सभेत तू मागं बसली होतीस. मी तुला हाताला धरून आपल्या सभेच्या ओट्यावर आणलं. तुझी दोन्ही मनगटं धरून वर केली. सालीच्या रसानं तळवे तांबूस काळे पडलेले, नखांच्या कडा कोळशासारख्या. मी म्हणालो, "बघा हे हात. हे गुलामीचे हात आहेत. हे धुऊन निघत नाहीत, तोडावे लागतात ते धंदे." तीनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. तू हात सोडवून घेतले नाहीस. मी सोडले तेव्हा ते खाली आले.

लिहिलं. आता पुढचं सांग.

सोनाजी


२७ एप्रिल १९७३

आक्का,

तुझं दुसरं कार्ड. "एक वाक्य राहिलं."

राहिलं नव्हतं. मी ते लिहून खोडलं होतं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं होतं, "दादा, याच हातांनी तुमाला शिकवलं न्हवं?" आणि मी माइकवर म्हणालो, "म्हणून तर मला लाज वाटते."

हे ते वाक्य. परभणीच्या बोर्डिंगात मी पुस्तकं वाचत होतो तेव्हा तू बरडावर साल सोलत होतीस. मला लाज वाटते असं मी म्हणालो. लोकांना ते फार आवडलं. पुढं दोन-तीन गावांतल्या सभांत मी ते वाक्य पुन्हा वापरलं. हेही तू विचारलं नव्हतंस, तरी लिहितो.

आता दुसरी लपवलेली गोष्ट. मागचं पत्र लिहिलं तेव्हा आपल्या बायका गावच्या विहिरीवर जायला लागून चार दिवस झाले होते.

पहिली गेली मिराबाई. मला न विचारता. मी आडवा आलो तर म्हणाली, "शेजारचं लेकरू कालपासून ओठ चाटून राहिलं. तुमचा मान मी माघारी येऊन धुऊन ठेवते." मी तिच्यामागं गेलो. मिराबाईमागं निघालेल्या आपल्या पंधरा बायका ओट्याखाली जमल्या होत्या. वर नरसिंग म्हणून त्यांचा गडी पोहरा ओढत होता. विश्वंभर रजा काढून आला असावा. तो देवळाच्या पायरीवर सुपारी कातरत बसला होता. मला बघून उठला. "या सोनाजीराव. ऊन फार आहे, सावलीत उभे राहा." एवढंच. दुसरं काही बोलला असता तर मी त्याची मान धरली असती आणि सुटलो असतो.

मिराबाईचा नंबर आला. तिच्या दंडाला सूज आहे, घागर हलत होती. मी ती हातात घेतली आणि खाली धरली. वरून धार आली. आक्का, मी मागं तुला लिहिलं, निम्मं पाणी अंगावर येतं. बराबर तसंच येतं.

 ज्याला बोलण्यावाचून दुसरं काही येत नाही, तो माणूस भिजलेला सदरा घेऊन वस्तीभर चालत आला.

मी सभेत उभा राहून चुकलो म्हणीन. मनानं ते कधीच ठरवलं आहे. तरी पाय निघत नाही, आणि त्याचं कारण माझा ताठा एवढंच नाही. यंदा ढोरं पटापट मरत आहेत. बरडाच्या पलीकडं रोज एखादं पडलेलं दिसतं. कातड्यांच्या व्यापाऱ्याचा माणूस सायकलवर घिरट्या घालतो. काल भिवाजी माझ्या दारात उभा राहिला. त्याला मी म्हणालो, बहुतेक तरवड सोलावा लागेल. त्यानं पटका सोडून तोंड पुसलं. मग म्हणाला, "दादा, साल चालती तं कातडं काहून चालत न्हाई? हौद तं एकच हाय न्हवं? तुमीच म्हन्ले व्हते."

मीच म्हणालो होतो. ज्याची साल हौदात, त्याचा हात हौदात. माझंच वाक्य माझ्या दारात येऊन उभं राहिलं आणि मला त्याला आत बोलावता येईना.

तू माझ्या जागी काय सांगितलं असतंस?

सोनाजी


१८ मे १९७३

आक्का,

काल बुद्धपौर्णिमेची सभा झाली. पूर्वी तीनशे यायचे, काल साठ असतील. अर्धी माणसं दुष्काळी कामावर, आणि उरलेल्यांना माझं बोलणं ऐकून झालेलं आहे.

मी तयारी केली होती. दोन कागद लिहून काढले होते. उभा राहिलो आणि एकही ओळ आठवेना. मग साधं बोललो. म्हणालो, मेलेल्या ढोराचं काम करणार नाही ही शपथ आहे आणि ती राहील. तरवड झाड आहे. झाडाला आणि शपथेला मी एकाच दोरीत बांधलं, ते चुकलं. बरड मी बोडका केला, बुडकी मी बुजवली, आणि माझ्या बहिणीला मी या ओट्यावर उभं करून जे बोललो ते बोलायला मला जीभ असायला नको होती.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. अनुसयाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "आता कळलं व्हय? आमाला दोन उन्हाळ्यांआधी कळलं व्हतं. पर तुमी बोलत व्हता, मंग आमी गप."

मी विचारलं, तेव्हा का नाही सांगितलं? ती म्हणाली, "जनकाआक्कानं सांगाया तोंड उघडलं व्हतं. तुमी तिचे हात वर केले."

हे मला आठवत नव्हतं. खरं आहे का? तू काही सांगणार होतीस का? मी किती वेळा तो दिवस आठवून पाहिला, मला माझाच आवाज ऐकू येतो.

भिवाजी सभेत काही बोलला नाही. शेवटपर्यंत बसलाही नाही.

आज पहाटे आम्ही सहाजण वारंगा फाट्याच्या पुढच्या माळावर गेलो. तिथं तरवड अजून आहे. या उन्हातही हिरवा आहे, एखाददुसरं फूलसुद्धा होतं. मुळाला हात न लावता फक्त सरळ फोक कापून घेतले. एका ट्रकवाल्यानं अर्ध्या वाटेपर्यंत भारे आणून दिले, पुढं डोक्यावर. दुपारी झाडाखाली बसून सोलायला लागलो. साल मी जागच्या जागी जाळायला लावली, हौदाला एक चिमूट जाऊ द्यायची नाही म्हणून. अनुसयाबाई म्हणाली, "जाळा जाळा. जनकाआक्का असती तर म्हन्ली असती, धूर करून राहिला आमचा पुढारी."

पाच-सहा काड्या सोलेपर्यंत माझी बोटं तांबडी झाली. आंबट तुरट वास येतो. आपल्या घराला तोच वास होता.

पण विणता कुणालाच येत नाही. तुझ्याबरोबर उतरणाऱ्या बायका म्हणतात, आम्ही काड्या हातात द्यायचो, विणायची तीच. मी स्वतः उतरलो आणि दोन हात विणलं. मी वर यायच्या आत ते फुगलं आणि सुटलं. खालून वाळू अशी येते जणू कुणी आतून ढकलतं आहे. बुडकीत आता गुडघाभर गढूळ चिखल आहे. आणखी आठ दिवसांत ती भरून सपाट होईल आणि मग तिथं विहीर होती हे दाखवायला खूणही राहणार नाही.

आक्का, मी तुला भाऊ म्हणून बोलावत नाही. त्या नात्यानं बोलवायचं तोंड माझं नाही. तुझ्या छातीत दुखतं हे कोंडीबाकडून मला कळलं आहे, तरी बोलावतो आहे. इतका मी निर्लज्ज झालो आहे. माझ्या घरी उतरू नकोस, अनुसयाबाईकडं उतर. माझ्याशी बोलू नकोस. पण ये.

सोनाजी


६ जून १९७३

आक्का,

तू गेलीस त्याला आठवडा झाला.

तू तीन दिवस इथं होतीस आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. मी लिहिलंच होतं, बोलू नकोस. माणूस लिहितो तेव्हा वाटत नाही की समोरचा अक्षरशः पाळील.

एसटीतून उतरून तू सरळ बुडकीवर गेलीस. पदर खोचलास. अनुसयाबाईला म्हणालीस, दोर भिवाजीनं धरायचा, आणि त्याला सांग, काड्या सोल. त्याला म्हणजे मला. मी पाच पावलांवर उभा होतो. मी बसलो आणि सोलायला लागलो.

तळाशी बाभळीचे खुंट ठोकून तू खालून वर विणत आलीस. जाड बूड वाळूकडं, शेंडा आतल्या बाजूला. इतकं साधं होतं. मी वरून खाली विणत होतो, कारण मला वरून खालीच बघायची सवय.

पहिल्या दिवशी मी सोललेल्या काड्यांपैकी किती काड्या तू विहिरीतून बाहेर फेकल्यास! एकेक काडी काठावर येऊन पडायची. मी उचलून बघायचो तर कुठं नखाएवढी साल राहिलेली. साल राहिली की पाण्यात कुजते आणि तिथून कूड सुटतो, हे मला अनुसयाबाईनं सांगितलं. मी पुन्हा सोलायचो, पुन्हा आत द्यायचो. दुसऱ्या दिवशी तीन परत आल्या. तिसऱ्या दिवशी एकही परत आली नाही. मी संध्याकाळपर्यंत काठाकडं कान देऊन होतो.

तुझा खोकला वरपर्यंत ऐकू यायचा. मधे वाळू घसरली, वर सगळे ओरडले आणि तुझा आवाज येईना. भिवाजीनं दोर ताणून धरला. मग खालून तू म्हणालीस, "काडी द्या." एवढंच.

एसटी हलली तेव्हा तू खिडकीतून हात काढलास, अनुसयाबाईकडं बघून. मी तिच्या मागं उभा होतो. तो माझ्यासाठी होता असं मी धरलं नाही.

आता पुढचं. तू विचारलं नाहीस, तरी तुला कळायला हवं.

बुडकीत पाणी आलं. पहिल्या दिवशी वीतभर, आता दीड हात आहे आणि निवळ आहे. गावच्या विहिरीवर आपल्यातलं कुणी जात नाही. रविवारी विश्वंभर वाटेत भेटला, म्हणाला, "सोनाजीराव, आमच्यावर रुसलात का?" मी म्हणालो, नाही, आमचं आम्ही ओढून घेतो.

चार दिवसांपूर्वी भिवाजीनं बरडामागं पडलेल्या बैलाचं कातडं सोडवलं आणि सायकलवाल्याला दिलं. लपवलं नाही. भर दुपारी केलं. ज्याच्या हातात तुझा दोर होता, त्यानंच.

वस्ती रागानं पेटली. संध्याकाळी दहा-बारा माणसं माझ्याकडं आली. म्हणाली, सभा घ्या. भिवाजीला ओट्यावर उभं करा. शपथ मोडली, त्याच्या घराला बुडकीवर येऊ द्यायचं नाही. एक जण म्हणाला, "तुमच्यावानी बोलनारा दुसरा कोन हाय? तुमी बोलले की तो सरळ होईल."

आक्का, मला वाक्यं सुचली. खोटं कशाला सांगू? ते बोलत होते तेवढ्यात माझ्या डोक्यात सगळं भाषण तयार झालं, सुरुवात, मधला भाग, टाळ्यांची जागा. भिवाजी चुकलाच आहे. शपथ मोडलीच आहे. मला त्याचा राग आहे आणि तो राहील.

मी म्हणालो, सभा होणार नाही. भिवाजीशी मी त्याच्या घरी जाऊन बोलेन, दार लावून. ते म्हणाले, आणि पाणी? मी म्हणालो, पाण्यावर सभा घेत नसतात. ते उठून गेले. ते माझं ऐकणार नाहीत हे मला दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी हरलेलं बोललो.

काल सकाळी मी बुडकीवर गेलो. बायकांची रांग होती. भिवाजीची बायको सोजराबाई रांगेत नव्हती. ती वीस पावलांवर, बोडक्या बरडाच्या कडेला रिकामी घागर घेऊन उभी होती. तिला कुणी जा म्हटलेलं नव्हतं. ये असंही कुणी म्हटलेलं नव्हतं. ती उन्हात उभी होती आणि तिच्यापुढून एकेक बाई घागर भरून जात होती. अनुसयाबाईसुद्धा गेली. खाली बघून गेली.

मी तिच्याकडं गेलो, म्हणालो, चल. ती म्हणाली, "नगं दादा. तुमीच वाढा एक घागर, मी हितंच धरते."

मी काठावर गेलो. पोहरा वर आलेला होता. तो भरून मी तिच्या घागरीत ओतला असता तर बायकांनी मला थोर म्हटलं असतं, मिराबाईनंसुद्धा. मी तो पोहरा पुन्हा आत सोडला. सोजराबाईला काठापर्यंत आणलं. दोर तिच्या हातात दिला आणि बाजूला झालो.

 तिनं एकदा रांगेकडं बघितलं. कुणी हललं नाही. मग ती ओढायला लागली.

मला बोलावंसं वाटत होतं. मी बोललो नाही.

सोनाजी